शेवटच्या डब्याचा ब्रेक

“तिला त्या खोलीत बसायची सवय लावून टाक. एकदा तिला बसता आलं, की तुझी पाळी तिच्याकडे जाईल.”

सासूबाई हे आपल्या मुलाला म्हणाल्या, तेही अगदी दबक्या आवाजात. नव्या सुनेच्या कानावर जावं असं ते बोलणं नव्हतं. पण नवी सून चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेरच उभी होती, आणि या घरातली कुठली फरशी वाजते हे तिला पहिल्या आठवड्यातच पाठ झालं होतं. ती दोन पावलं मागे गेली, वाजणाऱ्या फरशीवर मुद्दाम पाय दिला आणि मग आत शिरली.

“आलीस का? चहाला इतका वेळ?” सासूबाई म्हणाल्या.

“कप विसळत होते, आई.”

नवऱ्याने कप उचलला, पण तिच्याकडे बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. लग्नाच्या फोटोतही ती होती. तेव्हा तिला वाटलं होतं, लग्नाची धावपळ.

ती मुळातच कमी बोलायची. लग्नाआधी चष्म्याच्या दुकानात काम करायची. मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू बसवायचे, आणि समोरचं गिऱ्हाईक काय काय बोलतं ते ऐकून घ्यायचं. लग्न ठरलं तेव्हाच नवऱ्याची दुसऱ्या गावी नेमणूक झाली होती. दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं, खिडकीचं मापही तिने पडद्यासाठी घेतलं होतं. पण निघायचा विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, “एवढी काय घाई?” आणि नवरा ताटात बघत बसायचा.

खोली वरच्या मजल्यावर होती. तीन भिंतींना लागून कमरेएवढं उंच टेबल. त्यावर रूळ, एक छोटं स्टेशन, सिग्नल, कोळशाचा ढीग, आणि कोपऱ्यात बोगदा. बोगदा म्हणजे नुसतं तोंड. आत वीतभर गेलं की घराची भिंत लागायची. रुळांवर एक मालगाडी उभी होती. तिचा एकेक डबा काडेपेटीहून थोडा मोठा.

सासरे आयुष्यभर मालगाड्यांच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. थोरल्या मुलाचा विषय निघाला की घरात सगळे फक्त ‘तो आता नाही’ एवढंच म्हणायचे. आता त्यांचे हात थरथरायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला वर बोलावलं आणि एक डबा तिच्या तळहातावर ठेवला.

“ही वाघीण. दुकानातून आणली तेव्हा नुसतं खेळणं होती. तिला अजून कष्ट पडलेले दिसत नाहीत.”

“घरात एक वाघीण आणलीच आहे, बाबा,” नवरा दारातून म्हणाला. “आता या बाकीच्या तीच सांभाळेल.” बऱ्याच दिवसांनी तो हसला होता. ते हसू सुटका झालेल्या माणसाचं होतं, आणि ते तिने बरोबर ओळखलं.

तरी काम तिला आवडलं, हे खरं. प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवायची. तळाशी शिशाचा तुकडा चिकटवायचा, म्हणजे डबा रुळावर डुगडुगत नाही. साच्यातून आलेल्या जाड्याभरड्या दांड्या खरवडून तिथे केसासारखी तार लावायची. मग गंज.

“गंज कुठेही फासायचा नाही, सूनबाई. आधी विचारायचं, पाणी कुठे साचत असेल? माणूस हात कुठे ठेवत असेल? जिथे हात लागतो तिथे रंग उडतो, लोखंड चकाकतं.” आणि चाकांशी बसवायचा ब्रेकचा गुटका चिमट्यात धरून ते म्हणाले, “हा नेहमी चाकापासून जरा लांब. मधून कागद सरकला पाहिजे. नवशिके नेमके चाकाला चिकटवून बसतात, मग गाडी खुरडते.”

या घरात तिला कुणी काही शिकवलं असेल तर ते एवढंच. बाकी सगळे नुसत्या चुका दाखवायचे.

“गार्डाचा डबा मात्र उचलायचा नाही,” सासरे म्हणाले. गार्डाचा डबा म्हणजे गाडीचा शेवटचा. त्याला मागे छोटासा ओटा होता, दाराशी दोन उभ्या दांड्या होत्या, खाली पायरी होती. सासऱ्यांच्या हाताचं सगळ्यात सुंदर काम. “आणि इथून उठायचं तर कुणाला तरी बसवूनच उठायचं.”

“का, बाबा?”

“गाडीला नजर लागते.”

ती मनातल्या मनात हसली. म्हातारा माणूस, जिवापाड केलेलं काम, लागत असेल नजर. मीठमोहऱ्या ओवाळायच्या तेवढ्या राहिल्यात, असं तिला वाटलं.

चार-सहा दिवसांनी सासरे म्हणाले, “त्या दांडीचा रंग परत गेलाय. डबा न उचलता लावता येईल?”

तिने एका केसाच्या ब्रशने दांडीला काळा रंग दिला. दुसऱ्या दुपारी तो गेलेला होता. तिने डोळ्याला भिंग लावलं. रंग सोलून निघाला नव्हता, झिजला होता. दांडीच्या मधोमध, तेवढ्याच उंचीवर, तार सोन्यासारखी चमकत होती. डब्याच्या मापाचा माणूस चढताना जिथे हात घालेल, बरोबर तिथे. पायरीसुद्धा मध्यभागी खोलगट झाली होती.

तिने भिंग पुसलं आणि पुन्हा बघितलं. मग पुन्हा रंग दिला, आणि खुर्ची ओढून बसली. बघूच कोण खरवडतंय ते, असं तिने ठरवलं.

दुपारभर काही झालं नाही. रंग वाळला. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. तिने दिवा लावला. खालून सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. आणि तेवढ्यात वीज गेली.

अंधार फार गडद नव्हता, पण टेबलावरचं काही दिसेना. आधी वास आला. ओल्या लोकरीचा… कंदिलाच्या तेलाचा… आणि त्यामागे कोळशाचा धूर. या खोलीत तर रंग आणि गोंद यांच्याशिवाय कधी कसला वास नसायचा.

मग आवाज.

खर्र… खर्र… 

धातूवर धातू फरफटत होता. जड वस्तू कुणी दमून, थांबत थांबत ओढावी तसा. टेबलाच्या लाकडातून तो तिच्या कोपरापर्यंत येत होता. तिने हात काढून घेतला नाही. बोटं गार पडली तरी ती तशीच बसून राहिली.

वीज आली. गाडी उभी होती, पण इंजिनाचं नाक बोगद्यात शिरलेलं होतं. मघाशी ते बाहेर होतं. गाडीला वीज पुरवणारी वायर तर भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून ठेवलेली होती. आणि दांडी… दांडी पुन्हा लखलखीत.

तेव्हा तिला सासऱ्यांचं वाक्य कळलं. नजर लागते म्हणजे बाधत नाही. लागते, म्हणजे हवी असते. बघणारं कुणी नसलं, की गाडी निघते.

त्या रात्री सासरे वर बसले, आणि ती नवऱ्याला घेऊन गच्चीवर गेली.

“तुमच्या दादांबद्दल मला फक्त ‘तो आता नाही’ एवढंच सांगितलंय. आता सगळं सांगा.”

तो कठड्यावरचा चुना नखाने उकरू लागला. “दादा मालगाडीवर गार्ड होता. धुक्याचे दिवस होते. गाडी यार्डात आली. इंजिन आलं, वाघिणी आल्या, त्याचा डबा आला. आत कंदील जळत होता, पेल्यातल्या चहाची वाफ निघत होती. फक्त दादा नव्हता. वाटेत शोधलं, सगळीकडे शोधलं. मग बाबांनी ही गाडी केली, अगदी तशीच. केली त्या दिवसापासून, बसणाऱ्याचा जरा डोळा लागला की ती हलते.”

“आणि तुम्ही सगळे तिला धरून ठेवता.”

“आई म्हणते, गाडी गेली म्हणजे दादा गेला. बाबा रात्री बसतात, मी पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी आई. चौथं कुणी आलं तर…”

“तर तुम्हाला झोप मिळेल. पण निघता यायचं नाही. मलाही नाही.”

त्याने चमकून वर बघितलं. ती त्याच्याशी इतकं सलग कधी बोलली नव्हती. तीही दचकलीच जराशी.

दुसऱ्या दुपारी सासूबाईंनी कौतुकाने तिला वर पाठवलं. “जा हो, तुझा हात चांगला बसलाय तिथे.” ती बसली. चष्म्याच्या दुकानातला छोटा आरसा तिने बरोबर घेतला होता. डबा उचलायचा नव्हता. तिने आरसा रुळांच्या मधे सरकवला आणि भिंगातून गार्डाच्या डब्याचं पोट बघितलं.

ब्रेकचे चारही गुटके चाकांना पक्क्या गोंदाने चिकटवलेले होते. चाकं फिरतच नव्हती. फरफटून फरफटून ती खालून चपटी झाली होती, आणि मागच्या रुळावर दोन बारीक पांढरे ओरखडे स्टेशनपासून इथवर आले होते.

ही नवशिक्याची चूक होती, आणि हा डबा करणारा माणूस नवशिका नव्हता.

तिने सर्वांत पातळ पातं निवडलं. नजर डब्यावरून हलू दिली नाही. पहिला गुटका सुटला तेव्हा डब्यातून काहीतरी आलं. आवाज म्हणता येणार नाही. दिवसभर बूट घालून असलेल्या माणसाने ते काढल्यावर सोडावा तसा श्वास. तिच्या मानेवर काटा आला. तिने मनगट टेबलावर टेकवलं आणि दुसरा गुटका कापला. मग तिसरा.

चौथ्याच्या वेळी दारात सासरे उभे होते.

“काय करतेस?”

“ब्रेक मोकळे करतेय, बाबा.”

त्यांनी हाक मारली, ती इतकी वाकडी आली की सासूबाई आणि नवरा दोघेही धावत वर आले. सासूबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं.

“ठेव ते! ठेव खाली! तुझा कोण लागतो तो? दोन दिवस झाले नाहीत घरात येऊन…”

“आई, चाकं चपटी झालीत,” ती म्हणाली. आवाज हळूच होता. “आत जे कुणी आहेत, ते इतकी वर्षं फरफटत चाललेत. जाऊ देत नाही, आणि उतरूही देत नाही आपण.”

“मीच आवळला होता ब्रेक,” सासरे म्हणाले. “यार्डात डबा आला तेव्हा. कंदील जळत होता आत… मी चढून ब्रेक आवळला. वाटलं, लांब कुठे जायला नको तो… म्हणून इथेही तसाच चिकटवला…” त्यांनी थरथरणारा हात पुढे केला. सुनेला वाटलं, पातं हिसकावून घेणार. त्यांनी वहीच्या कागदाचा एक कपटा उचलला आणि तिच्याकडे दिला. “बघ. सरकतो का.”

तिने चौथा गुटका कापला. कागद चारही ठिकाणी सरकला.

गाडी हलली नाही. चौघांचे डोळे तिच्यावर होते.

“आता दाराकडच्या मोकळ्या भिंतीकडे वळायचं,” ती म्हणाली.

“मी नाही वळणार,” सासूबाई म्हणाल्या. पदर त्यांनी तोंडाशी धरला होता. “एक डोळा तरी राहू दे त्याच्यावर…”

“आई,” नवरा म्हणाला, “मी फार थकलोय ग.”

तो लहान असताना जसा म्हणत असेल, तसंच म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, बहुधा बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. मग आधी सासरे वळले. मग नवरा. मग सासूबाई, अगदी हळू, मान सर्वांत शेवटी. मग सूनही वळून टोकाला उभी राहिली. तिच्या डावीकडे नवरा होता. उजवीकडे कुणी नव्हतं. तिकडे फक्त टेबल आणि गार्डाचा डबा.

भिंतीचा चुना नाकासमोर. चौघांचे श्वास.

मागे एक शिट्टी वाजली, फार लांबून यावी तशी. जोडण्या एकामागून एक ताणल्या गेल्याचा आवाज आला. मग चाकं फिरली. फरफट नाही, खुरडणं नाही. तिने स्वतः बसवलेली धातूची चाकं रुळांच्या सांध्यांवर ठेक्यात वाजू लागली. गाडी बोगद्यात शिरली. वीतभर आत भिंत होती. ठेका थांबला नाही. तो भिंतीच्या आत गेला, भिंतीच्या पलीकडे गेला, अंगणावरून, रस्त्यावरून, आणखी लांब, आणखी बारीक होत गेला… आणि विझला.

सासूबाई हुंदका दाबून म्हणाल्या, “गेला का…?”

सुनेने डावा हात लांबवून नवऱ्याचा हात धरला. तो गरम होता. आणि त्याच वेळी उजव्या बाजूने ओल्या लोकरीचा वास आला. कंदिलाच्या तेलाचा वास. तिच्या खांद्याच्या बरंच वर कुणीतरी श्वास घेतला आणि तो धरून ठेवला. तिच्या उजव्या पायाजवळची फरशी दबली. ती या खोलीतली न वाजणारी फरशी होती, तरी वाजली.

तिने मान वळवली नाही. नवऱ्याचा हात घट्ट धरला, घसा साफ केला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती बोलली.

“गाडी गेली, आई. पण अजून कुणी मागे वळू नका. माझ्या उजवीकडे येऊन कोण उभं राहिलंय, ते आधी मी विचारते. आणि उत्तर काहीही आलं, तरी उद्या आम्ही दोघं निघणार आहोत.”