सात आठवड्यांच्या बरगड्या

तीन बरगड्या मोडल्यात, सात आठवडे येता येणार नाही, असं केतकीनं कळवलं तेव्हा ऑफिसातून उलट विचारणा आली: सात दिवस म्हणायचंय का?

त्यांचंही चूक नव्हतं. हाड मोडलं की आता लोक 'सांधक' टोचून घेत. हाडांच्या पेशींना जुळण्याचा हुकूम सोडणारा हा रेणू. दोन दिवसांत हाड सांधायचा आणि काम झालं की न पचता, न मोडता, लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडायचा. सासूबाईंचा खुबा सोमवारी मोडला. गुरुवारी त्या देवळाच्या पायऱ्या चढल्या.

"आणि तू खोकताना उशी कवटाळतेस!" त्या म्हणायच्या. "बघवत नाही गं."

पण डॉक्टर नाडगौडांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हा रेणू दुधात उतरतो. त्याला तुमची बरगडी आणि बाळाची कवटी, फरक कळत नाही."

"म्हणजे?"

"टाळू. मेंदूला वाढायला जागा हवी म्हणून ती उघडी असते. सांधक ती सांधून टाकेल."

चार महिन्यांच्या ईराला वरचं दूध पचत नव्हतं. न्हाणीघरात घसरताना तिला वर धरूनच केतकी कट्ट्यावर आपटली होती. आता सांधक टोचून घ्यायचा तर प्रश्नच नव्हता.

"मग जुन्या पद्धतीनं बरी होते. काय करू?"

"उशांना टेकून झोपा. दुखलं तरी तासातासानं खोल श्वास घ्या, नाहीतर छातीत कफ साठेल. आणि पाजताय, तर पाणी भरपूर प्या."

केतकीनं सगळं नेमानं केलं. तांबेच्या तांबे रिचवले. शहरातलं वापरलेलं पाणीच गाळून पुन्हा नळाला यायचं, पण चवीला चांगलं होतं. रोज सकाळी दात आवळून ती ईराची टाळू तेलानं भरायची.

तिसऱ्या आठवड्यात खोकला आला आणि उशी घ्यायची राहूनच गेली. दुखलं नाही! हरखून, ईराला कडेवर घेऊनच ती दवाखान्यात गेली.

नाडगौडांनी एक्सरे उजेडासमोर धरला. "टोचून घेतलंत ना शेवटी?"

"नाही हो. शप्पथ."

"तीन आठवड्यांत बरगड्या अशा जुळत नाहीत." त्यांनी ओठांपर्यंत नेलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. सगळे पितात तेच."

गेले चार दिवस तेल टाळूत राहत नव्हतं, कपाळावर ओघळायचं. आपलाच हात अवघडलाय, असं केतकीला वाटलं होतं.

तिनं टोपडं सरकवलं आणि रोजच्या जागी बोट ठेवलं. बोटाखाली काहीच उडत नव्हतं.