बाद धरलेला उजेड

कुत्रं कशावर भुंकतंय बघायला मनकर्णा माळावर चढली, तर अंधारात एक माणूस छोटी डबी आभाळाकडं धरून उभा. तिनं बॅटरी सरळ त्याच्या तोंडावर मारली.

"बंद करा ती... हात जोडतो."

"आदी सांगा, मोकळ्या आभाळावर काय रोखायलाव?"

"अंधार मोजायलोय."

तिला हसू आलं. नांदूरघाटच्या शिवारात अंधाराला काय तोटा? गावातल्या रविराजच्या वाढदिवसाला महिना उलटला, तरी त्याच्या बॅनरवर रात्रभर दिवा जळतो. त्याच्याच बापाच्या, सुंदररावाच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणाऱ्या तिच्या घरच्यांच्या पालावर मात्र एक बल्ब नाही.

तो जीवन. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकणारा, मूळ धर्मापुरीचा. "आमीबी मेंढरंवालेच. आज्यानं मेंढ्या सोडल्या म्हणून मी शिकलो."

"मी न सोडता बारावी केली."

मग त्यानं मावळतीकडं बोट केलं. दिवस कधीच बुडाला होता, तरी क्षितिजापासून एक फिकट, दुधाळ, तिरपा सुळका वर चढला होता. लहानपणापासून बघत आलेली ती. पण हे काय आहे, असं कुणाला विचारावं?

"राशिचक्र प्रकाश," तो म्हणाला. "ग्रहांच्या मधी धूळ हाय. तिच्यावर सूर्याचा उजेड पडतो."

"म्हंजी मेंढ्या माघारी येताना धुरळा चमकतो तसा?"

"...आमच्या सरांना हेच सांगायला दोन तास लागले."

आभाळाचे चौकोन पाडून तो प्रत्येकाचा उजेड मोजत होता. आकडा मोठा तितका अंधार जास्त. "पाच सांजा हायत, मंग चंद्र आडवा येतो."

"तुमचं समदं उलटंच," म्हणत ती उतरली. पण उतरताना दोनदा मागं बघितलं.

पुढच्या तीन सांजा तिला चढता आलं नाही. मेंढ्या जाळीत घालून, कोकरं पाजून हात मोकळे होईतो आठ वाजून जायचे. मग ती बांधावर यायची आणि बॅटरी माळावर एकदाच मारायची. आलाय का? आलाय. विझवायची. एवढ्या लांबून काय होतंय...

पाचव्या सांजेला कोकरं आईवर सोपवून ती लवकर चढली. सकाळी मेंढ्या हलणार होत्या. त्याच्या हातातली वही तिनं ओढूनच घेतली. सगळीकडं आकडे, फक्त मावळतीच्या एका चौकोनात खोडलेल्या मापांच्या चार काटा.

"ह्या एकाच घरात काट कावून?"

"पयल्या दिवशी तुमची बॅटरी तोंडावर आली." जीवन चपलेकडं बघायला लागला. "मंग रोज आठ वाजून दहाला, नेमकं ह्या घराच्या मापाच्या वक्ताला, खालून उजेड येतो. ते माप बाद धरावं लागतं. आज हे घर भरलं न्हाई, तर नकाशा अपुरा. सर घेणार न्हाईत. वर्ष जातं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तोंड न्हाई का तुमाला? एका शब्दानं सांगायचं की."

"सांगितलं असतं... तर लावली असती का तुमी?"

मग तिनं बॅटरी त्याच्या पिशवीत कोंबली. "घ्या. आज माझ्या हातात नको."

आठ वाजून दहाला दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यानं डबी रोखली. तिनं श्वास धरला.

"मी वाचते," ती पुटपुटली. डबीवर तांबडे आकडे उमटले. "वीस... पूर्णांक आठ."

त्यानं लिहिलं. घर भरलं.

"झालं मंग तुमचं काम."

"झालं."

दोघंही हलेनात.

"पुढच्या अवसेला आमी धर्मापुरीच्या शिवारात," ती म्हणाली. "तिथलं माप घेतलंय का कुणी?"

"...न्हाई."

"सोताच्या गावाचं न्हाई? या मंग. माप झालं की पालावर या. आमच्या आप्पाला धुळीचं तुमी सांगा. बाकीचं मी सांगते."

"बाकीचं म्हंजी?"

"वहीत चार काटा हायत. मोजायचं कळतं ना तुमाला?"

त्यानं घाईघाईनं पिशवीतून बॅटरी काढून पुढं केली.

"राहू द्या. ती द्यायला तरी यावंच लागंल."

अंधारातच ती माळ उतरली. वाट तिच्या पायाला पाठ होती. बांधावर पोचून तिनं वळून बघितलं. वरून बॅटरी एकदा लागली... आणि या खेपेला लवकर विझली नाही.