उलट्या हाताची खूण

बसा, चहा घ्या, सांगते. माझं काम ऐषारामाचं, असं आई म्हणते. मंगळवार पेठेतून स्कूटीवर निघायचं, कुठल्यातरी कारखान्यातल्या विजेच्या चालू पॅनलवर उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखायचा, आणि कुठं तापलंय ते लांबूनच सांगायचं. सहा वर्षांत मला एकच चटका बसलाय, तोही चहाचा. एकूण मी सुखी बाई.

गेल्या मार्चात पेठ वडगावजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात गेले होते. सकाळचे साडेआठ, सगळी यंत्रं पूर्ण लोडवर. तपासणीला हीच वेळ बरी. पॅनलच्या खोलीत आठ उंच, करडी दारं एका रांगेत, आणि पुढं भिंत. एकच ट्यूब मिणमिणत होती. हवेत दुधाचा गोडसर वास आणि एक सततची घरघर.

तिथला वायरमन नागसेन गादीसारखा जाड सूट घालून दार उघडायचा, मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागून बघायची. पाच दारं मजेत झाली.

सहाव्याला नेहमीप्रमाणे आधी बंद दारावर कॅमेरा धरला. सगळं थंड, जांभळं. "उघड" म्हणणार, तेवढ्यात दाराच्या मधोमध चार पिवळे ठिपके उमटले. मुठीची हाडं टेकावीत तसे.

"नागसेन, हात लावलास?"

"न्हाय म्याडम. मी हितं हाय की."

तो माझ्या शेजारीच होता. दोन्ही हातांत जाड मोजे. ठिपके हळूहळू विझले... आणि वीतभर वर पुन्हा उमटले.

मी त्याला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. त्यानं तोंडावरची काच वर केली.

"अण्णासो मामा..." तो कुजबुजला. "आमचं जुनं वायरमन. असाच उलटा हात लावून बघायचे, दरेक दाराला. दिवाळीत गेले... घरात, झोपंत. ह्या दारात त्येंचं शेवटचं काम. त्यानंतर कुणी उघडलंच न्हाय."

जुनी माणसं तसंच करतात. झटका बसलाच तर बोटं आत मिटतात आणि हात सुटून येतो. हे मला ठाऊक होतं. मी कॅमेरा खाली घेतला.

"लाईन बंद करा," मी म्हटलं.

मॅनेजर उदयसिंह धावत आले. "म्याडम, ट्यांकर दारात हाय! दूध नासंल की!"

"नासू दे. चालू लाईनवर हा पोरगा हे दार उघडणार नाही."

शेवटी घरघर थांबली. नागसेननं लाईन मेल्याची खात्री केली आणि दार ओढलं. आतून दाराला टेकवून ठेवलेला एक पाना खणकन तांब्याच्या पट्ट्यांवर आडवा पडला. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. लाईन चालू असती तर तो भडका त्या सूटलाही आवरला नसता. "मामांचाच..." म्हणत नागसेननं तो उचलून घेतला.

अण्णासोंचीच चूक होती, आणि निस्तरायलाही तेच आले होते. मला भीतीपेक्षा मायाच जास्त वाटली. काम आटोपलं, दारं लागली, लाईन आली. सगळे चहाला गेल्यावर मी उंबऱ्यातून त्याच कॅमेऱ्यानं अख्ख्या रांगेचा एक फोटो काढला.

दुपारी नागसेन आणि मी पाना द्यायला अण्णासोंच्या घरी गेलो. बाळाबाईंनी नवऱ्याचा पाना पदरानं पुसला, उराशी धरला. त्या रडल्या, मीही रडले. फार बरं वाटलं. मग त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"आन दुसरा गं, पोरी?"

"दुसरा?"

"जोडी व्हती की. दोनीला लाल दोरा. एकटा कवा न्यायचे न्हाईत."

मी कॅमेरा काढला, शेवटचा फोटो उघडला आणि दारं मोजली. पुन्हा मोजली.

"नागसेन... पॅनल किती रे तुमच्याकडं?"

"आठ की म्याडम. फुडं भिंत."

फोटोत भिंत नव्हती. तिथं नववं दार होतं. त्यावर चार ठिपके, पांढरे, तापलेले. आणि ते दार बोटभर उघडं होतं.