ओली काच

दादा गेला त्या दुपारी स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीचा पंखा कोणी बंद केला? पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, वहिनीला विचारलं. सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला. उत्तर कोणी दिलं नाही.

दादा दीडशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने फोटो काढायचा. काचेवर औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच फोटो काढायचा, ओली असतानाच धुवायची. वाळली की मेली. त्या औषधात इथर असतं. कोंडलेल्या खोलीत त्याच्या वाफेने माणूस झोपला तर उठत नाही. म्हणून पंखा लावल्याशिवाय दादा बाटलीचं बूचही काढायचा नाही. आणि पंख्याचं बटण खोलीच्या बाहेर. लाइट गेली नव्हती. शेजारपाजारी विचारून आलोय मी.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, सकाळी कॅमेरा विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार आहे. तेवढा मोठा कॅमेरा घेऊन या."

स्टुडिओची किल्ली दाढीवाल्याकडे होती. हा दादाचा भागीदार. त्याचं दार वाजवलं.

"आत्ता? तुला झोप येत नाही म्हणून मीपण जागायचं का रे?"

"किल्ली द्या, मी एकटा जातो."

"नको नको. येतो."

मला एकट्याला का जाऊ देत नाही हा? मनात पाल चुकचुकली.

दादा गेल्यापासून स्टुडिओ महिनाभर बंद होता. दार उघडलं आणि गोडसर वास आला. इथरचा.

"बाटली सांडली असेल," तो म्हणाला.

"महिनाभर वास टिकतो?"



कॅमेऱ्याचं तोंड कायम खिडकीजवळच्या खुर्चीकडे असायचं. आज ते अंधाऱ्या खोलीच्या दाराकडे होतं. दाराकडे, आणि शेजारच्या बटणाकडे.

"तुम्ही फिरवलात?"

"वेडाबिडा आहेस का? किल्ली माझ्याकडे म्हणून काय सगळं मीच…"

कॅमेऱ्याच्या मागे काचेची चौकट लावलेली होती. ती काढली. एक थेंब माझ्या पायावर पडला. थंडगार.

काच ओली होती.

मी थांबलो नाही. चौकट घेऊन अंधाऱ्या खोलीत पळालो, लाल दिवा लावला. शाळेत माझं डोकं कधी चाललं नाही, पण काच धुवायला दादाने शिकवली होती.

"फेकून दे ती," दाढीवाला दारातून म्हणाला. "ऐक माझं…"

धुवायचं औषध ओतलं. पाणी ओतलं. काच फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरच्या ट्रेमध्ये सोडली. आधी सगळं दुधाळ, निळसर. मग हळूहळू साफ होत गेलं…

दार. हेच दार. बंद.

त्यावर ऊन पडलेलं.

ऊन! बाहेर मिट्ट काळोख होता.

बटणाजवळ धुरासारखं काहीतरी होतं. या फोटोला वेळ लागतो. जो स्तब्ध राहतो तो उमटतो. जो हलतो त्याचा धूर होतो. चेहरा नव्हता. खांदा होता. बटणाकडे गेलेला हात होता.



मागून आवाज आला, "तो मी नाही."

मी विचारलंच नव्हतं.

…

वळलो. दारात कोणी नाही. जिन्यावर पावलं वाजली… मग तीही नाहीत. किल्ली कुलपातच लटकत होती.

काच उजेडात नेली. फोटो काढण्याआधी इथरचं औषध ओतताना काच एका कोपऱ्याला धरतात. तिथे औषध लागत नाही, अंगठ्याची जागा कोरी राहते. दादाचा अंगठा पूर्वी काचेनेच चिरला होता, आडवा. कोपऱ्यात अंगठा उमटला होता.

आडवी चीर होती.

काच पोलिसांना दाखवली. साहेब म्हणाले, "धुरावर गुन्हा कसा दाखल करू, बाळा?" काच आता माझ्याकडे आहे. दाढीवाला गाव सोडून गेला. का गेला, ते तुम्हीच सांगा.

त्या रात्री कॅमेरा मी नेला नाही. होता तिथेच, दाराकडे तोंड करून राहू दिला. अंधारी खोली रिकामीच होती. तरी निघताना मी पंख्याचं बटण दाबलं आणि पंखा चालू ठेवून आलो.