खालच्या दोन रेघा

जानेवारी म्हणजे तिकडे भर उन्हाळा. त्या सकाळी सातलाच पत्रा तापला होता. नेरिडाचा मदतनीस ब्रॅम टकर तिच्या कचेरीत चहाचा पहिला घोट घेतोय, तोच मायरा हॅलोरन दारात उभी. तिच्या हातात एक फोटो होता.

मायराला त्या गहूपट्ट्यात ल्युपिन पेरणारा प्रत्येकजण ओळखायचा. ल्युपिन म्हणजे हरभऱ्याचं लांबचं भावंड, पांढऱ्या रेताडातही येणारं. बारा वर्षं राबून तिनं त्याचं एक गोडं, म्हणजे कडू नसलेलं, वाण काढलं होतं. त्याच्या दाण्यात गंधकवालं प्रथिन इतरांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ते माणसाच्या पोटाला जास्त कामाचं.

काल वाणांना मान्यता देणाऱ्या समितीनं संशोधन केंद्राच्या बियाणं-खोलीतल्या तिच्या पोत्यातलं मूठभर बी तपासलं. ते प्रथिन जवळजवळ गायब. आज चारला समिती बसणार, आणि वाण रद्द.

"म्हणतात, आठ वर्षं आकडे फुगवलेस," मायरा म्हणाली. "नेरिडा, आज हे वाण गेलं तर मी परत उभी राहायची नाही. माझं वय बघ."

नेरिडा क्विल्टीनं फोटो खिडकीशी धरला. खासगी तपास सुरू करण्याआधी वीस वर्षं ती धान्यच तपासत होती, त्यामुळे तिला तो वाचता यायचा. दाण्याचं पीठ कालवायचं, त्यातली प्रथिनं जेलीच्या पातळ वडीतून विजेनं खाली ढकलायची. मोठी वर अडकतात, बारकी खाली पळतात. मग निळा रंग चढवला की एकेका प्रथिनाची एकेक रेघ उमटते.

डावीकडे गेल्या वर्षीचं बी होतं, उजवीकडे पोत्यातलं. डावीकडे खालच्या दोन रेघा चांगल्या जाड. उजवीकडे त्याच पुसट, आणि वरच्या फुगलेल्या.

"दुसरंच वाण घातलंय कुणीतरी. सरळ आहे," ब्रॅम म्हणाला.

"जाडी सोड. रेघा कुठे आहेत ते बघ," नेरिडा म्हणाली आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे फेकली.

ब्रॅमनं गाडीत बसेपर्यंत बघितलं. रेघा जिथल्या तिथेच होत्या. मग काय झालं, ते त्याला कळेना. मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्याची कंबर गेली होती. डोकं कधी फारसं वापरायला लागलं नव्हतं, असं तो स्वतःच सांगायचा.

बियाणं-खोलीच्या किल्ल्या मायराशिवाय तिघांकडे होत्या.

पहिला कीथ पेंगेली. मायराचा प्लॉट त्याच्याच रानात होता. बोलायला लागला की थांबायचा नाही. नेरिडानं खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. विचारलं, जमिनीत काय टाकतोस? साधं सुपर फॉस्फेट, बापाच्या काळापासून दरवर्षी, मायराच्या तुकड्यातसुद्धा, असं म्हणून त्यानं पोत्यांची थप्पीच दाखवली. तोवर ब्रॅम गुडघ्यांवर बसून मायराच्या प्लॉटमध्ये सांडलेलं बी पाकिटात भरत होता. उन्हानं शेंगा तडकतात आणि दाणे लांब उडतात, त्यामुळे ते मिळाले भरपूर. कंबरेनं मात्र शिव्या दिल्या.

दुसरी व्हेस्ना स्टॅनिच, मायराची तरुण प्रतिस्पर्धी. तिचं स्वतःचं वाण याच समितीपुढे होतं.

"मलाच धरणार तुम्ही, माहितीये," व्हेस्ना म्हणाली. "मायरा पडली की माझा नंबर."

नेरिडानं तिलाही तेच विचारलं. व्हेस्नानं हसून जिप्समचे पांढरे ढीग दाखवले आणि आपल्या वाणाचं मूठभर बीही दिलं. मग तिनं चाळणीवाल्या डेसची तक्रार केली. कापणीच्या आठवड्यात तिला बी चाळून हवं होतं. एक वाण चाळून झालं की यंत्र झाडायलाच अर्धा दिवस जातो, उद्या ये, असं म्हणून त्यानं तिला परत पाठवलं होतं.

तिसरा हा डेस ट्रिगच. बारा वर्षं केंद्राचं चाळणीयंत्र तोच चालवत होता. त्याची स्वतःची थोडी जमीन होती, साखरेसारखी पांढरी रेती. ल्युपिनच्या कापलेल्या रानात त्याच्या मेंढ्या चरत होत्या. तिथलं सांडलेलं बीही ब्रॅमनं पाकिटात भरलं.

"दुकानातलं साधं बी पेरतो, गड्या," तो ब्रॅमला म्हणाला. "आणि खत डीएपी. कमी पोती वाहावी लागतात. कंबर तुझ्यासारखीच आहे माझी."

कापणीच्या दिवसाबद्दल त्यानं अभिमानानं सांगितलं, की सकाळी कडू ल्युपिन आणि दुपारच्या जेवणाआधी मायराचं बी, दोन्ही चाळून उरकलं.

ब्रॅमनं सवयीनं एका मेंढीच्या पाठीत बोटं घातली. लोकर विरळ होती, आणि चिमटीत ओढली तर मधेच तुटली.

"पावसाळाभर काय उपाशी ठेवलंस काय रे हिला?"

"पोट भरून खाते," डेस म्हणाला. खरंच होतं, मेंढी चांगली गुबगुबीत होती. परतताना ब्रॅमनं ते नेरिडाला सांगितलं. ती गाडीतच टाळी वाजवून हसली. का, ते काही सांगेना.

साडेतीनला प्रयोगशाळेत सगळे एका ट्रेभोवती उभे होते. त्यात जेलीची निळी वडी तरंगत होती. मायरा पाणी बदलत होती तसा जादा रंग निघून जात होता. रेघा उठून दिसायला लागल्या तसा ब्रॅम ट्रेवर वाकला.

"रेघ कुठे येणार हे वाण ठरवतं," नेरिडा म्हणाली. "ते रक्तातलं. पण किती जाड, ते जमीनही ठरवते. जमिनीत गंधक कमी असलं तर दाणा काय करतो? गंधकवालं प्रथिन कमी बनवतो आणि बिनगंधकाच्या प्रथिनानं कोठार भरतो. खालच्या रेघा जातात, वरच्या फुगतात. म्हणजे पोत्यातलं बी मायराच्याच वाणाचं होतं, फक्त गंधक नसलेल्या जमिनीत वाढलेलं."

"माझ्या जमिनीत नाही," कीथ म्हणाला.

"नाहीच. साध्या सुपरमध्ये गंधक असतं. जिप्सममध्येही असतं. डीएपीत नसतं." ती ब्रॅमकडे वळली. "आणि लोकर कशाची बनते? तीही प्रथिनच, गंधकानं जोडलेली. पोट भरलेल्या मेंढीची लोकर तुटली, तेव्हाच मला जमीन कळली. शाबास, ब्रॅम."

ब्रॅमचे कान लाल झाले. समोर तीन रांगा आता स्पष्ट होत्या. पहिली मायराच्या प्लॉटची, खालच्या दोन रेघा ठसठशीत. मधली व्हेस्नाची, सगळ्या रेघा वेगळ्याच जागी. तिसरी डेसच्या रानातली. जागा मायराच्या वाणाच्या, आणि खाली जवळजवळ काहीच नाही.

"दुकानातलं बी नव्हतं ते, डेस," नेरिडा हळू म्हणाली. "पण चोरायचं असतं तर तू तिचं पोतं उचललं असतंस, आपलं आणून भरलं नसतंस. तू घाईत होतास. एका सकाळी दोन वाणं चाळलीस, मग मधे यंत्र झाडायला अर्धा दिवस कुठून आणलास?"

 डेस ट्रेकडे बघतच बोलायला लागला. कडू दाणे तिच्या गोड्या बियात मिसळले होते. पोतं बांधताना त्याच्या लक्षात आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. मागच्या साली चाळताना सांडलेलं तिचं बादलीभर बी त्यानं आपल्या रेतीत पेरलं होतं, तेच पीक पोत्यात भरलं आणि खराब झालेलं पुरून टाकलं. बी तेच आहे, कुणाला कळणार, असं त्याला वाटलं.

"आणि काल मला खोटारडी म्हणाले, तेव्हा?" मायरानं विचारलं.

"तोंड उघडलं होतं मी. आवाज आला नाही."

 बाहेर समितीच्या गाड्या लागल्याचा आवाज आला.

"मूर्खा," मायरा म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर आपण दोघांनी बसून एकेक दाणा निवडला असता. महिना लागला असता, लागू दे."

तिनं हात पुसले आणि ट्रे त्याच्या पुढ्यात सरकवला.

"उचल. सांडू नकोस. आत जाऊन त्यांना तूच सांगायचंस, पहिल्यापासून."

डेसनं ट्रे उचलला. ब्रॅमनं पुढे होऊन दार धरलं.