पिंजरा शाबूत, माणूस जखमी

"माझा नवरा गुन्हा कबूल करून बसलाय," सुखदा म्हणाली, "आणि त्याला तो गुन्हा आठवतच नाही!"

मधुसूदनमामांनी वहीत हे वाक्य लिहिलं, पुन्हा वाचलं आणि गोंधळून भाचीकडे पाहिलं. मामा निवृत्त मराठी शिक्षक. भाची विजयश्री बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. आता दापोडीत तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं आणि मामा तिथे टिपणं घ्यायचे.

"सुरुवातीपासून सांगा," विजयश्री म्हणाली.

सुखदाचा नवरा अनिश चाकणच्या तोरस्करांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. रेसच्या गाड्यांत असतो तसा पोलादी पाइपांचा पिंजरा साध्या, घरच्या गाड्यांत बसवून विकायचा, असं मालक अवधूत तोरस्करांच्या मनात होतं. गाडी उलटली तरी टप चेपणार नाही.

"अनिशचा विरोध होता. तो म्हणायचा, रेसवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, आपल्या नसतं. टप वाचेल, पण डोकं पाइपवर आपटेल त्याचं काय?"

तरीही गेल्या मंगळवारी सकाळी चाचणीची गाडी निघोजेच्या रस्त्यावर गेली. वळणावर एक पूर्ण कोलांटी खाऊन पुन्हा चाकांवर उभी राहिली. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या शालनबाईंचा पाय मोडला. अनिश दोन दिवस बेशुद्ध होता. जागा झाला तेव्हा त्या सकाळचं काहीच आठवेना. तोरस्करांनी सांगितलं, तूच चालवत होतास, एकटाच होतास, वेगात होतास.

"उद्या तो पोलिसांना जबाब देणार आहे. रोज म्हणतो, त्या बाईचा पाय मी मोडला."

"जखम कुठे आहे?"

"डाव्या कानशिलावर. सरळ, बोटभर लांब."

मामांनी लिहून घेतलं. त्यात काय विशेष, ते त्यांना कळलं नाही.

चाकणच्या कारखान्यात गाडी ताडपत्रीखाली उभी होती. अवधूत तोरस्कर धिप्पाड, सहा फुटी गृहस्थ.

"क्रेननं आणली तशीच झाकून ठेवलीय. विम्याचं काम आहे, आतलं काही हलवलेलं नाही. टप बघा! जरा तरी बसलाय का? पिंजऱ्यानंच वाचवलं अनिशला."

टप खरंच शाबूत होता. आत पाइप मात्र निराळे दिसत होते. उजवीकडच्या, चालकाच्या दारावरच्या पाइपांना जाड काळा स्पंज गुंडाळलेला होता आणि डावीकडचे नुसतेच होते.

"स्पंज अर्ध्याच गाडीला पुरला," वेल्डर ज्योतीराम म्हणाला. हा लातूरकडचा, बांबूसारखा उंच. "अनिशसायेब म्हनले, निदान चालवनाऱ्याच्या बाजूनं तरी लाव."

"मामा, जरा स्टीअरिंगमागे बसा," विजयश्री म्हणाली.

मामा बसायला गेले आणि अडकले. गुडघे डॅशबोर्डला, पोट स्टीअरिंगला. या धडपडीत पेन डावीकडच्या सीटखाली गेलं. ते काढताना त्या सीटच्या पट्ट्याचं कापलेलं टोक त्यांच्या हाताला लागलं. चालकाचा पट्टा मात्र जागच्या जागी धड होता. कसेबसे बाहेर येऊन मामांनी पँट झटकली. आपल्याला कशाला बसवलं, हे त्यांना कळेना.

विजयश्रीने ज्योतीरामला विचारलं, "पहिले तुम्हीच पोचलात ना?"

"होय, मागं बाइकवर होतो. सायेब शुद्धीत नव्हते. पट्टा निगना, मग ब्लेडनं कापून त्यास्नी भायेर काडलं."

"आणि गाडीत—" मामांनी तोंड उघडलं, तोच विजयश्रीने त्यांच्या पायावर पाय दिला.

"आभारी आहे," ती ज्योतीरामला म्हणाली. "एवढं पुरे."

ऑफिसात तोरस्करांची मुलगी पूर्वी चहा घेऊन आली. तीच विक्रीचं काम बघायची. जेमतेम पाच फुटांची, गोड बोलणारी. ती डाव्या हाताने एकेक कप आणून ठेवत होती. उजवा हात अंगाशी धरलेला होता.

"खांदा दुखावलाय?" विजयश्रीने विचारलं.

"बॅडमिंटन," ती हसून म्हणाली. "मंगळवारी मी इथेच होते. फोन आला तेव्हाच कळलं."

दवाखान्यात शालनबाईंनी हात जोडले. "गाडी म्या पायलीच न्हाई बाई, पाठमोरी व्हते. आदी बाईमानूस किंचाळलं. मला वाटलं, मीच किंचाळले."

परतताना मामांनी आपला निष्कर्ष मांडला. "मालकानेच वेल्डिंग कच्चं ठेवलं. अनिशचा काटा काढायला!"

"पाइप तुटलाय कुठे, मामा?"

"नाही," मामा म्हणाले आणि वहीतला निष्कर्ष खोडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिघीला अनिशच्या घरी सगळे जमले. डोक्याला पट्टी बांधलेला अनिश कोचावर बसला होता. ज्योतीराम दाराशीच उभा राहिला.

"अनिश, तुम्ही गाडी चालवत नव्हता," विजयश्री म्हणाली.

तोरस्कर उसळले. "काहीतरीच काय!"

"चालकाच्या उजव्या हाताला दार आणि दारावर स्पंजवाला पाइप. अनिशची जखम डाव्या कानशिलावर आहे, पाइपासारखीच सरळ. नुसता पाइप फक्त डावीकडे होता. म्हणजे ते डाव्या सीटवर होते. ज्योतीरामनी पट्टा कापून त्यांना काढलं आणि कापलेला पट्टाही डावाच आहे."

"पण मग चालवत कोण होतं?" मामांनीच विचारलं.

"सीट हललेली नाही असं तोरस्कर स्वतःच म्हणाले. मामा साडेपाच फुटांचे, तरी तिथे मावले नाहीत. सहा फुटी तोरस्कर किंवा उंच ज्योतीराम कसे मावतील? चालवणारं माणूस बुटकं होतं. शालनबाईंनी बाईमाणसाची किंकाळी ऐकली. आणि चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. गाडी उलटली की तो खांद्यात रुततो."

सगळ्यांच्या नजरा पूर्वीकडे वळल्या. तिचा डावा हात नकळत उजव्या खांद्यावर गेला होता.

"मीच हट्ट केला," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगायला स्वतः चालवून बघायचं होतं. अनिशदादा म्हणत होते, हळू घे. वळण आलं..."

"लग्न ठरलंय तिचं," तोरस्कर पुटपुटले. एवढा धिप्पाड माणूस एकदम म्हातारा दिसू लागला. "मीच सगळ्यांना गप्प केलं."

दाराशी ज्योतीरामने मान खाली घातली. "म्हणूनच मी यांना जास्त विचारलं नाही," विजयश्री म्हणाली. "पोटासाठी खोटं बोलायची वेळ कशाला आणायची?"

अनिश मात्र अजून चाचपडत होता. "म्हणजे त्या बाईंचा पाय... मी नाही?" त्याने तीनदा विचारलं. सुखदाने तीनदा नाही म्हटलं. मग तो तोंडावर हात घेऊन ढसाढसा रडला.

मामांना राहवेना. "पण तो पिंजरा चांगला की वाईट?"

अनिशने डोळे पुसले. "दोन्ही, मामा. तो नसता तर टप आमच्या मानेवर बसला असता. आणि त्यानेच माझं डोकं फोडलं. गाडी बनवतानाच तो टपाच्या आत, मऊ अस्तराखाली बसवायला हवा. मागून वेल्डिंग करून बाजारात विकायची ही वस्तू नव्हे."

तासाभराने पोलीस ठाण्यात हवालदाराने कागद पुढे ओढला. बाकावर पूर्वी, तिच्या एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला मामा. सोबत या, असं तिनेच मामांना विनवलं होतं.

"हं, गाडी कोण चालवत होतं?"

"साहेब, त्याचं असं आहे—" तोरस्करांनी सुरुवात केली.

"बाबा, थांबा," पूर्वी म्हणाली आणि उठून उभी राहिली. "मी चालवत होते."