गालातला पाहुणा

बालवाडीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आयांमध्ये पंचविशीची कोण आणि चाळिशीची कोण, हे आताशा ओळखू येत नसे. मिरजेत ‘नवपापुद्रा’ येऊन दोन वर्षं झाली होती. गालातून तिळाएवढा नमुना घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, कांद्याच्या सालीसारखं पातळ कातडं तयार झालं की ते चेहऱ्यावर बसवायचं. जुनी त्वचा झडून जाई, नवी रुजे. बायका पापुद्रा बसवून आल्या की शेजारीपाजारी पेढे वाटत.

शर्वरीनं तो बसवला नव्हता. ओजस झाल्यापासून पाच वर्षं तिला सलग झोप माहीत नव्हती. आधी त्याची पोटदुखी, मग दात, मग दर थंडीतला दमा. त्या जागरणांनी तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं आणि बाळंतपणात आलेले वांग गालांवरून हलायलाच तयार नव्हते. त्या दिवशी फाटकावरच्या नव्या मावशी म्हणाल्या, “आजी, जरा बाजूला व्हा, आयांना पुढं येऊ द्या.”

शर्वरी हसून बाजूला झाली. घरी येऊन मोरीत तोंड धुताना मात्र तिला रडू फुटलं. नवरा म्हणाला, “तू आहेस तशीच छान आहेस.” हे ऐकल्यावर तर पापुद्रा बसवायचा तिचा निश्चय पक्काच झाला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तिला स्वतःचा चेहरा परत हवा होता, बस्स.

त्वचाकेंद्रातलं यंत्र चेहऱ्यावर फिरून सगळ्यात तरतरीत पेशी कुठे आहेत ते स्वतःच शोधी. ते शर्वरीच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या वरच्या कडेला थांबलं. तिथं ज्वारीच्या दाण्याएवढी जागा लख्ख, गुळगुळीत होती. नमुना तिथूनच घेतला गेला.

आठवड्यानं काउंटरवरची मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, तुमचा नमुना भेसळीचा निघाला. त्यात पुरुषाच्या पेशी आहेत.” आणि तिनं शर्वरीकडे असं पाहिलं की शेजारच्या खुर्चीवरची बाई मोबाइल ठेवून ऐकू लागली.

“तुमच्या लोकांनी डब्या बदलल्या असतील,” शर्वरी म्हणाली. “पुन्हा घ्या.”

पुन्हा घेतला. पुन्हा तेच आलं. “तुम्हाला पापुद्रा मिळणार नाही,” मुलगी म्हणाली.

“डॉक्टर भेटल्याशिवाय मी इथनं हलणार नाही,” म्हणून शर्वरीनं तिथंच बैठक मारली. सोबत ओजस होता आणि तिची आई, उज्ज्वलाबाई. दुपारपर्यंत ओजसनं केंद्रातल्या सगळ्या कुंड्यांतली माती उकरली, तेव्हा कुठे डॉक्टर तांबोळींनी तिघांनाही आत बोलावलं.

डॉक्टर साठीच्या होत्या आणि स्वतःच्या सुरकुत्या त्यांनी जशाच्या तशा ठेवल्या होत्या. त्यांनी तो लख्ख ठिपका भिंगातून बराच वेळ पाहिला. “इथं कधी काही झालं होतं?”

उत्तर उज्ज्वलाबाईंनी दिलं. “माझ्यामुळं झालं, डॉक्टर. हिच्या बाळंतपणात मी शेक-शेगडी केली. जावई नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. निखाऱ्यावर ओवा टाकला आणि ठिणगी उडाली ती हिच्या डोळ्याखाली. थोडक्यात डोळा वाचला. पाच वर्षं झाली, माझ्या मनातनं जात नाही. लेकीचं तोंड मी माझ्या हातानं भाजलं.”

“आई, पुरे गं,” शर्वरी पुटपुटली.

“भाजल्याचा डाग मात्र राहिला नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात. बाळ जन्मतं, या मात्र आत मुक्काम ठोकतात. पाहुण्या पेशी म्हणा. जखम झाली की काही तिकडे धावतात. तुमची जखम यांनी भरलीय. या पुरुषाच्या पेशी तुमच्या मुलाच्या आहेत.”

शर्वरीनं डोळ्याखाली बोट नेलं आणि तिथंच ठेवलं. पाच वर्षं ती आरशात पाहून मनातल्या मनात म्हणत आली होती, या पोरानं माझा चेहरा खाल्ला.

“आता दोन वाटा आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “पाहुण्या पेशी गाळून उरलेल्यांचा पापुद्रा करता येईल. तो खात्रीचा. किंवा त्या राहू द्यायच्या. कदाचित फार चांगला होईल, कदाचित रुजणारही नाही. असं अजून कोणी केलेलं नाही. आणि शरीर पापुद्रा एकदाच स्वीकारतं, दुसरी संधी नाही.”

“राहू द्या,” शर्वरी म्हणाली. “चेहरा मला नवाच हवाय, त्यात माघार नाही. पण ज्यानं जखम भरली त्याला गाळून नको.”

“मग परवानगी लागेल. पेशी दुसऱ्या माणसाच्या आहेत. तो लहान आहे, म्हणजे पालक म्हणून तुम्हीच सही करायची.”

“फायदा माझा आणि त्याच्या वतीनं सहीही माझीच? हे बरं आहे! नाही, मी त्याला विचारते.” तिनं ओजसला जवळ ओढलं. “तुझा एक छोटासा भाग माझ्या गालात राहतो. मला भाजलं ना, तेव्हा मदतीला आला होता.”

“मला नाही आठवत.”

“तू पाळण्यात झोपला होतास.”

“आता काय करणारेस त्याचं?”

“वाढवून तोंडभर लावायचा म्हणते. पण तुझा आहे, तू नको म्हणालास तर नाही.”

ओजसनं मातीच्या हातानं तिचा गाल चाचपून पाहिला. “मग तुला दाढी येईल?”

सगळे खळखळून हसले. मात्र हसून झाल्यावर डॉक्टरांनी तो प्रश्न टिपून घेतला, हे शर्वरीनं पाहिलं. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

“लाव,” ओजस म्हणाला. “पण मला कधी लागला तर परत द्यायचा.”

“देईन.”

उज्ज्वलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांच्या हातांवर तव्याचे, कुकरच्या वाफेचे, उकळत्या तेलाचे जन्मभराचे डाग होते. काही काळपट. काही मात्र लख्ख, गुळगुळीत, ज्वारीच्या दाण्याएवढे. शर्वरीनं आजवर त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिनं आईचा हात ओढून टेबलावरच्या दिव्याखाली धरला.

“डॉक्टर,” तिनं विचारलं, “यांतल्या कुठल्या डागात मी आहे?”